अलिबागचा पांढरा कांदा खाल्ल्याने खरंच इन्सुलिन तयार होतं का?

फेब्रुवारी-मार्च उजाडला की अलिबागच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसायला लागतात. अलिबाग, नागाव, काशीदला फिरायला आलेली मंडळी परतताना गाडीत दोन-चार माळा टाकतातच. हा कांदा गोडसर असतो, कापताना डोळ्यांतून फारसं पाणी काढत नाही आणि कच्चा खायला एकदम झकास लागतो.

त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर आणि रील्समध्ये एक दावाही फिरायला लागतो. पांढरा कांदा खा, शरीरात इन्सुलिन तयार होतं, शुगर आटोक्यात राहते. काही जण त्यापुढे जाऊन गोळ्या बंद करण्याचा सल्लाही देऊन टाकतात.

गंमत म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे असा मेसेज फॅमिली ग्रुपवर पडला, की तो गांभीर्याने घेणारा एक तरी माणूस त्या ग्रुपमध्ये असतोच.

मग या दाव्यात खरं किती आणि हवा किती? सविस्तर बघूया.

हा दावा आला कुठून?

अलिबागचा पांढरा कांदा काही आजचा नाही. १८८३ च्या सरकारी गॅझेटियरमध्येही त्याचा उल्लेख सापडतो. भातकापणी झाली की त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि थोड्या पाण्यावर हे पीक घेतलं जातं. कार्ले, खंडाळे, नेहुली ही त्यासाठी ओळखली जाणारी गावं.

या कांद्याला भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय टॅग मिळावा म्हणून दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग यांनी जानेवारी २०१९ मध्ये प्रस्ताव दिला. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस मुंबईत त्याची छाननी झाली आणि मानांकन मिळाल्याच्या बातम्या देशभर झळकल्या.

त्या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास होतं. हा कांदा औषधी आहे, हृदयाच्या आजारांवर, कोलेस्टेरॉलवर आणि ‘इन्सुलिन निर्मितीसाठी’ उपयोगी आहे, अशा अर्थाचं. पुढे बातमी मागे पडली, मानांकनाचे तपशील विसरले गेले आणि नेमके हेच दोन शब्द लोकांच्या लक्षात राहिले.

आधी समजून घेऊ, इन्सुलिन सुटतं कसं?

आपल्या स्वादुपिंडात बीटा पेशी नावाच्या पेशी असतात. इन्सुलिन त्याच बनवतात आणि आत छोट्या छोट्या पुड्यांमध्ये साठवून ठेवतात. प्रश्न असतो तो या पुड्या रक्तात कधी सोडायच्या याचा.

रायगडच्या खारजमिनीत भरतीचं पाणी अडवायला बांध घालतात आणि त्यात ‘उघाडी’ ठेवतात. पाण्याचा दाब एका बाजूने पडला की तिची झडप मिटते, दुसऱ्या बाजूने पडला की उघडते. बीटा पेशीच्या भिंतीतही अशीच दारं असतात. जेवणानंतर साखर पेशीत शिरते, तिथे जळते, त्यातून ऊर्जा तयार होते. ही ऊर्जा वाढली की पोटॅशियमची दारं मिटतात. ती मिटली की पेशीतला विजेचा ताण बदलतो आणि कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत घुसलं की इन्सुलिनच्या पुड्या रक्तात रिकाम्या होतात.

डॉक्टर देतात त्यातल्या ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या थेट हीच पोटॅशियमची दारं मिटवतात, म्हणून इन्सुलिन जास्त सुटतं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, टाइप १ मधुमेहात बीटा पेशी जवळपास नष्टच झालेल्या असतात. जिथे कारखानाच उरला नाही, तिथे काहीही खाल्लं तरी माल तयार होणार नाही. दुसरी, टाइप २ मध्ये सुरुवातीला इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि मग बीटा पेशी हळूहळू थकत जातात. म्हणजे फक्त ‘इन्सुलिन वाढवणं’ हा मधुमेहावरचा पूर्ण उपाय कधीच नसतो.

कांद्यात असं आहे तरी काय?

कांद्याचा आणि साखरेचा संबंध कुणीतरी उगाच जोडला, असं मात्र नाही. कांद्यातल्या दोन प्रकारच्या रसायनांवर शास्त्रज्ञांनी खरोखर काम केलं आहे.

पहिला प्रकार गंधकयुक्त संयुगांचा. कांदा अख्खा असतो तेव्हा त्याला फारसा वास नसतो. आपण तो कापतो तेव्हा पेशी फुटतात, त्यातलं एक विकर या संयुगांवर तुटून पडतं आणि त्यातून तिखट वास, डोळ्यांना झोंबणारा वायू आणि पायरुव्हिक आम्ल तयार होतं. कांद्याचं तेल आणि त्याचा उग्र दर्प हे सगळं याच घराण्यातलं.

केरळमधले संशोधक के. टी. ऑगस्टी यांनी १९७० च्या दशकापासून यावर बरंच काम केलं. कांद्याच्या तेलातलं अलिल प्रोपिल डायसल्फाइड हे संयुग मोजक्या निरोगी लोकांना दिल्यावर त्यांची साखर उतरली आणि रक्तातलं इन्सुलिन वाढलं, असं १९७५ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. पुढे कांद्यातल्याच दुसऱ्या एका गंधकयुक्त संयुगाचा उंदरांवरही असाच परिणाम आढळला. ‘कांद्याने इन्सुलिन वाढतं’ या बोलण्याचं मूळ शोधत गेलं, तर ते अशा प्रयोगांपाशी पोचतं.

पण त्या लोकांना दिलं होतं ते वेगळं काढलेलं संयुग. एक किलो कांद्यातून निघणारं तेल ग्रॅमचा एक छोटासा अंश भरतं. त्यामुळे तेलाचा गुण कोशिंबिरीला चिकटवता येत नाही.

दुसरा प्रकार क्वेर्सेटिनचा. हे एक पिवळसर रंगद्रव्य आहे. प्रयोगशाळेत बीटा पेशींवर ते टाकल्यावर कॅल्शियमची दारं उघडतात आणि इन्सुलिन सुटतं, असं दिसलं आहे. पण आपण क्वेर्सेटिन खातो तेव्हा आतडं आणि यकृत त्याचं रूपच बदलून टाकतात. बशीतल्या पेशींना जे मिळतं, ते तसंच्या तसं स्वादुपिंडापर्यंत पोचत नाही. माणसांवरच्या चाचण्यांमध्ये बहुधा दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याच्या आसपासचे डोस वापरले गेले, आणि तरीही उपाशीपोटीच्या साखरेत ठोस घट दिसली नाही. लाल कांद्यात १०० ग्रॅममागे साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असतं. म्हणजे तेवढ्या डोससाठी रोज किलोच्या वर लाल कांदा खावा लागेल.

मग माणसांवर कांद्याचा प्रयोग झालाच नाही का?

झालाय. २०१० साली सुदानमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाचे ८४ रुग्ण होते. टाइप २ च्या रुग्णांना १०० ग्रॅम कच्चा कांदा दिल्यावर चार तासांत साखर सरासरी ४० मिलिग्रॅमने उतरली. ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांची ८१ ने उतरली.

आकडा बघून भारी वाटतं. पण तो वाचताना चार गोष्टी पाहायला हव्यात.

१. कांदा लाल होता, पांढरा नाही.

२. परिणाम फक्त चार तासांचा मोजला. मधुमेह हा वर्षानुवर्षांचा मामला आहे.

३. संशोधकांनी स्वतःच त्याला ‘प्राथमिक’ अभ्यास म्हटलं.

४. त्याच अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांचीही साखर ८९ मिलिग्रॅमने उतरली. त्यांच्याकडे तर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी जवळपास नसतातच. म्हणजे साखर उतरण्यामागे काहीही कारण असलं, तरी ‘इन्सुलिन तयार झालं’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

दुसरी गाजलेली बातमी मार्च २०१५ ची. अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथल्या परिषदेत नायजेरियाच्या संशोधकांनी सांगितलं की कांद्याचा अर्क मेटफॉर्मिनच्या जोडीला दिल्यावर साखर जवळपास निम्म्यावर आली. जगभर मथळे झाले. मथळ्यांमधून दोन गोष्टी मात्र गळून पडल्या. हा प्रयोग उंदरांवर होता, आणि अर्क मेटफॉर्मिनच्या ‘ऐवजी’ दिला नव्हता, ‘सोबत’ दिला होता.

खरी गोम इथे आहे

आता पुन्हा अलिबागकडे येऊ. हा कांदा गोड का लागतो? डोळ्यांत पाणी का आणत नाही?

कारण त्यात गंधकयुक्त संयुगं कमी आहेत. या भागातल्या जमिनीत गंधकाचं प्रमाण कमी असल्याचं सांगितलं जातं. मानांकन मिळालं तेव्हा या कांद्याची जी वैशिष्ट्यं पुढे आली, त्यांतही कमी तिखटपणा आणि कमी पायरुव्हिक आम्ल ही ठळक होती. कांद्याचा तिखटपणा मोजतात तोच मुळी पायरुव्हिक आम्लावरून. ते कमी म्हणजे ज्यातून ते तयार होतं ती गंधकयुक्त संयुगंही कमी.

आणि ऑगस्टींपासून पुढच्या प्रयोगांमध्ये साखर उतरवणारी म्हणून ज्यांचं नाव आलं, ती हीच संयुगं!

क्वेर्सेटिनचं बघायचं तर तिथेही हीच गत. ते रंगद्रव्य आहे, त्यामुळे लाल आणि पिवळ्या कांद्यात ते भरपूर असतं. पांढऱ्या कांद्याला रंगच नाही, म्हणून तिथे ते फारच कमी असतं.

थोडक्यात, ज्या दोन गोष्टींच्या जोरावर कांद्याला ‘इन्सुलिनवाला’ म्हटलं जातं, त्या दोन्हींत अलिबागचा गोड पांढरा कांदा झणझणीत लाल कांद्याच्या मागे आहे. ज्या गुणामुळे तो लोकांना आवडतो, त्याच गुणामुळे हा दावा लंगडा पडतो.

जीआय टॅग म्हणजे औषधाचा शिक्का नाही

‘सरकारने मान्यता दिलीय’ असंही अनेकदा म्हटलं जातं. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली बघितलं जातं ते इतकंच, की या मालाचा दर्जा, गुण किंवा नावलौकिक त्या ठिकाणाशी जोडलेला आहे का. कांद्याने मधुमेह बरा होतो की नाही, याची चाचणी तिथे होत नाही.

कोकणच्या हापूसलाही २०१८ मध्ये मानांकन मिळालं. म्हणून कोणी हापूस औषध म्हणून खात नाही.

उलट १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा. ज्या आजारांवर हमखास इलाज असल्याची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे.

म्हणजे वनस्पतींमध्ये काही दमच नाही?

अगदी उलट. जगात सर्वाधिक वापरली जाणारी मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन, तिचं मूळ एका वनस्पतीतच आहे. गॅलेगा नावाच्या झुडपाचा उपयोग युरोपात पूर्वीपासून होत असे. त्यातलं मूळ रसायन विषारी निघालं. मग त्याच्याशी नातं असलेलं सुरक्षित संयुग १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आणि हे औषध इन्सुलिन वाढवतच नाही. यकृतातून रक्तात येणारी साखर ते कमी करतं.

लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांची प्रेरणाही सफरचंदाच्या झाडाच्या सालीतल्या रसायनातून आली. ते रसायन १८३५ मध्ये वेगळं केलं गेलं. गोळी यायला पावणेदोनशे वर्षं लागली.

कोकणातही अशी उदाहरणं आहेत. इथल्या जंगलांत सप्तरंगी नावाची वेल मिळते आणि तिचं मूळ साखरेवर दिलं जातं. या वेलीच्या कुळातून सॅलासिनॉल नावाचं संयुग जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये शोधलं. ते आतड्यात पिठूळ अन्नाचं साखरेत रूपांतर करणाऱ्या विकराला अडवतं. इथेही इन्सुलिन वाढत नाही, जेवणातली साखर रक्तात हळू उतरते. अडचण अशी की मूळ खणलं की वेलीच्या जिवावरच बेततं, आणि बाजारात मिळणाऱ्या पावडरीत किती अंश आहे हे कळायला मार्ग नसतो.

इन्सुलिनवर थेट परिणाम करणारं उदाहरण हवं असेल तर मेथीचे दाणे. त्यातलं एक अमिनो आम्ल साखर वाढलेली असताना बीटा पेशींकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेतं, असं फ्रान्समधल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं. शिवाय दाण्यांतला चिकट तंतू साखर हळू शोषू देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या रुग्णांवर मेथीदाण्यांचे प्रयोग केले आणि साखरेत घट नोंदवली. पण तिथे रोजचा डोस चमचाभर नव्हता, तो २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत होता. आणि हे गुण दाण्याचे आहेत. अलिबागकडच्या वाळूत येणाऱ्या ‘समुद्र मेथी’च्या कोवळ्या जुड्या भाजी म्हणून उत्तमच, पण दाण्यांचं काम त्या करत नाहीत.

म्हणजे झाडात औषध असू शकतं. पण कोणत्या झाडाचा कोणता भाग, किती प्रमाणात आणि शरीरात नेमकं काय करतो, हे कळल्यावरच त्याचं औषध होतं.

मग मधुमेह असलेल्यांनी पांढरा कांदा खावा की नाही?

बिनधास्त खावा. १०० ग्रॅम कांद्यात साधारण ४० कॅलरी आणि ९ ग्रॅम कर्बोदकं असतात. १५० ग्रॅम शिजवलेल्या भातात, म्हणजे मोठी वाटीभर भातात, कर्बोदकं ४० ग्रॅमच्या आसपास भरतात. भात आणि तांदळाच्या भाकरीवर चालणाऱ्या कोकणी ताटात कांदा-काकडीची कोशिंबीर, पालेभाजी आणि मासळी वाढवली आणि भात अर्धी वाटी कमी केला, तर जेवणानंतरची साखर नक्कीच कमी चढेल. आधी कोशिंबीर-मासळी आणि शेवटी भात, असा क्रम ठेवला तरी फरक पडतो. कांद्यातला फ्रुक्टन हा तंतू आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य आहे, हा आणखी एक फायदा. ज्यांना गॅस, पोटफुगीचा त्रास आहे त्यांनी कच्चा कांदा बेतानेच खावा.

फक्त त्याला गोळीची जागा देऊ नये. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठून जीव धोक्यात येऊ शकतो. टाइप २ मध्ये गोळ्या बंद केल्यावर लगेच काही होत नाही, आणि तीच खरी फसगत आहे. दुखत-खुपत नाही, पण डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

घरात कोणी असा उपाय सुरू केला असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा साधा मार्ग आहे. कांदा चालू ठेवा, गोळ्याही चालू ठेवा आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी ही चाचणी करा. मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात कळते. आकडा खरंच उतरला असेल तर गोळी कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतील.

पुढचा मेसेज आला तर काय विचाराल?

साखरेवर रामबाण म्हणून उद्या कांद्याऐवजी दुसरंच काही फिरेल. तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न विचारा:

- प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर?
- भाजी दिली होती की अर्क, आणि किती?
- किती दिवस मोजलं, तास की महिने?
- औषधासोबत दिलं की औषधाऐवजी?

यातल्या एकाचंही उत्तर मेसेजमध्ये नसेल, तर तो आपल्याच ग्रुपवर थांबवलेला बरा.

अलिबागच्या कांद्याचा यात काही दोष नाही. भातानंतर त्याच तुकड्यात राबून, कांदा सुकवून, पातीची वेणी घालून माळा बांधणाऱ्या शेतकऱ्याने इन्सुलिनचा दावा केलेला नाही. गोडवा, चव आणि मातीचं नाव एवढ्यावर तो कांदा विकला जातो, आणि एवढं पुरेसं आहे.